नाक असावं, दिसू नये

माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शाळेच्या फोटोत मला नेहमी रांगेच्या कडेला उभं करायचे, तरी शेजारच्या पोराच्या कानावर माझ्या नाकाची सावली पडायची. आमच्या सांगलीकडच्या घराण्यात हे नाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आजोबा त्याला मराठी बाणा म्हणायचे. आई म्हणायची, बाणा ठेवा तुमच्याकडे, पोराला मुलगी कोण देणार ते सांगा. असल्या माणसानं प्लास्टिक सर्जन होऊन दुसऱ्यांची नाकं नीट करायचं ठरवलं, तेव्हा मित्र पोट धरधरून हसले.

शिकायला नंबर लागला तंजावूरला. मी हरखलो. मराठ्यांची जुनी राजधानी, राजवाड्यामागच्या गल्ल्यांत अजून मराठी बोलणारी घरं. मी तिथं पोचलो की मुलखातला माणूस आला म्हणून कुणीतरी हाताला धरून आत नेईल, चहा ठेवील, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. पहिले काही आठवडे मी त्या गल्ल्यांतून छाती काढून हिंडलो आणि फोनवर मोठमोठ्यानं मराठीत बोललो. एका म्हातारीनं मला तमिळमध्ये गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. चहा कुणी विचारला नाही.

कॉफी विचारली ती सरांनी. ते कॉलेजातून केव्हाच निवृत्त झालेले, पण दर शनिवारी गावाबाहेर, भातशेतांच्या मधे असलेल्या कुष्ठरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात जाऊन नाकांची ऑपरेशनं करायचे. मदतीला कॉलेजातून एखादा शिकाऊ डॉक्टर मागून न्यायचे. त्या वर्षी त्यांच्या वाटणीला मी आलो. बुटकी मूर्ती, इस्त्रीची पांढरी, लुंगीसारखी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "काय म्हणून आलास रे तूं? नाक करायला शिकतोस, कीं करून घेतोस?"

हे माझं मलाच नक्की ठरवता आलं नव्हतं. मग ते म्हणाले, "सरी, सरी. कॉफी होणा कीं तुज?" सरी म्हणजे बरं आणि होणा म्हणजे हवी, हे मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांचं मराठी पणज्याच्या काळातलं, चाल मात्र तमिळ. मी 'टेबल' म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं. "मेज म्हण रे. तुम्ही तिकडं मराठी ठेवलांतच नाहीं," असं ते मला, सांगलीच्या माणसाला सुनवायचे. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मी मोबाइलवर शुद्ध मराठीत लांबलचक निरोप पाठवायचो आणि ते उत्तरादाखल कॉफीच्या पेल्याचं चित्र पाठवायचे. मोठेपण मिरवायला मी ज्या गावात आलो होतो, तिथं माझं एवढंच चाललं.

सर माणसाकडे बघायचे नाहीत, नाकाकडे बघायचे. ओळखीचा माणूस भेटला तर नाव आठवायचं नाही, "तो उजवीकडं वळलेला" असं म्हणायचे. खिशात कायम मेणाचा गोळा. बोलताना, बसमध्ये, कुणाच्या तेराव्याला, बोटं चालूच आणि गोळ्याचं नाक होत असायचं. गणेश चतुर्थीला त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना मामी म्हणायचो, सरांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी केली होती, कारण एका वर्षी त्यांनी केलेल्या मोदकांना नाकपुड्या आल्या होत्या. मोठ्या देवळात गेले तरी देवाआधी ते भिंतीवरच्या नाक तुटलेल्या मूर्तींपुढे थांबायचे. "हिला कमरेचं हाड घालूं. ह्याला कपाळाची कातडी पुरे." मागून येणारे भाविक समजायचे की काही मंत्र म्हणतायत, आणि तेही थांबून हात जोडायचे.

त्यांचं स्वतःचं नाक? मी दोन वर्षं त्यांच्यासोबत काढली, पण आत्ता डोळे मिटले तर आठवत नाही. याचाच त्यांना अभिमान होता. "नाक असावं, दिसूं नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठवलं ते नाक बिघडलं, असं ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

पहिल्या शनिवारी त्यांनी मला काम समजावलं ते स्वतःचा जुना कोट उलटा करून. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची कातडी बहुतेक शाबूत राहते. रोग पोखरतो आतून. आतलं नाजूक अस्तर आणि मधला पडदा जातो, अस्तर आकसतं आणि बाहेरचं नाक आत ओढून घेतं. "अस्तर आटलं कीं कोट आंत जातो. कापड चांगलंच असतं पा. आपण अस्तर बदलायचं." वरच्या ओठाखालून आत शिरायचं, चिकटलेली कातडी सोडवायची, मांडीची पातळ कातडी साच्यावर गुंडाळून आत बसवायची. बाहेर एकही टाका नाही. रोग गोळ्यांनी केव्हाच बरा झालेला असतो, माणूस ठणठणीत असतो, पण बसलेलं नाक रस्ताभर जुनी बातमी सांगत सुटतं. सरांना ती बातमी बंद करायची होती.

म्हणून त्यांची परीक्षा. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा असे फोटो शेजारीशेजारी लावणं त्यांना मान्य नव्हतं. नाक सुकलं, सूज उतरली, की ते पेशंटला नवे कपडे घालून राजवाड्याजवळच्या एका हॉटेलात न्यायचे, तेही संध्याकाळच्या टिफिनच्या गर्दीत. दाराजवळचं मेज धरायचं आणि डोसा मागवायचा. येणाराजाणारा एकदा बघणारच. पण मान वळवून कुणी दुसऱ्यांदा बघितलं, तर नाक नापास. कुणीच नाही बघितलं तर पास, आणि मग सगळ्यांना अशोका हलवा, मुगाच्या डाळीचा, तुपात थबथबलेला.

पहिल्या परीक्षेला मी मोठ्या उत्साहानं त्यांच्या शेजारी बसलो. पेशंट एक सुतार होता, नाक अगदी झकास जमलं होतं. पण काय झालं कोण जाणे, माणसं बघायला लागली. एकदा, दोनदा, परत. सरांचा चेहरा पडला. सुतार तर घामाघूम झाला. तेवढ्यात समोरच्या मेजावरच्या एका लहान मुलीनं आईचा पदर ओढला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. सरांनी मान वळवून मला निरखलं. "अरे तूंच कीं रे ते! ऊठ. तिकडं जाऊन बस."

त्या दिवसापासून माझी जागा हात धुण्याच्या बेसिनजवळच्या मेजावर. माझं नाक परीक्षेत घोटाळा करतं, हे सरांनी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, नर्सनाही. एवढं शिक्षण घेऊन मला तिथं काम काय, तर बघणाऱ्यांवर नजर ठेवायची आणि लांबून सरांना खूण करायची. मूठ मिटलेली म्हणजे कुणी नाही. कुणी वळून बघितलं की एक बोट वर. एकदा वाढप्याला वाटलं मी एक इडली मागतोय, आणि परीक्षा संपेपर्यंत मी बऱ्याच इडल्या संपवल्या.

अंजलै अक्का दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पन्नाशीची, काळीसावळी, आवाज खणखणीत. मुलगी तान्ही असताना तिला रोग झाला. नवरा कामाला म्हणून तिरुप्पूरला गेला तो परतला नाही, आणि मुलीला गावाकडच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं. गोळ्या घेऊन अंजलै बरी झाली, पण नाक बसलं ते बसलंच. ती दवाखान्यातच राहिली. सर दर वर्षी तिला नाक करून घे म्हणायचे, आणि ती "भाताला नाकाचं काय काम, ऐया?" म्हणून डाव वाजवत निघून जायची. ऐया म्हणजे साहेब.

त्या वर्षी ती आपण होऊन आली. मुलगी बँकेत लागली होती आणि पोंगल झाल्यावर तिचं लग्न ठरलं होतं. "ऐया, मला लग्नात पुढं बसायचंय," ती म्हणाली. "मुलगी म्हणते, ये. थोरली अक्का म्हणते, ये, पण लांबची नातेवाईक म्हणून ये आणि जेवणघरात थांब. तसली मी जाणार नाही. जाईन तर आई म्हणून जाईन, नाहीतर इथं सांबार ढवळत बसेन." मग तिनं पदराची गाठ सोडून दोन बेसरी दाखवल्या, सात-सात पांढऱ्या खड्यांच्या, दोन्ही नाकपुड्यांवर घालायच्या. आईच्या होत्या. "आणि या घालून जाईन."

सर ताडकन उठले. "नाकांत कांहीं घालायचं नाहीं! घातलं कीं लोक बघतात. बघितलं कीं नाक नापास." हे त्यांनी तमिळमध्ये सांगितलं आणि माझ्यासाठी मराठीत पुन्हा सांगितलं, जणू मीच बेसरी घालणार होतो. बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की परीक्षा होईपर्यंत बेसरी गाठीतच राहतील.

तिचा जुना फोटो नव्हता. फोटो नसला की सर भावंडांचं नाक बघायला जायचे, त्यावरून साचा करायचे. त्यांच्या मोपेडवर मागे बसून मी कालव्याच्या काठानं गेलो. बहिणीनं ताक दिलं. सर तिच्या नाकाकडे टक लावून बसले आणि खिशात मेण मळत राहिले. तिचा नवरा माझ्या नाकाकडे टक लावून बसला. शेवटी बहीणच बोलली. "आम्ही तिला टाकलं नाही, ऐया. पोरगी माझ्या मांडीवर वाढलीय. पण मुलाकडची माणसं नवीन. त्यांनी चेहरा बघून काही मनात आणलं तर? पोरगी एकदा नांदायला लागू दे, मग सगळं सांगूच की." ती बाई वाईट नव्हती. घाबरलेली होती.

येताना मला राहवलं नाही. "सर, ती काय म्हणाली ऐकलंत ना? काहीतरी बोलायला हवं होतं आपण."

सरांनी मोपेड थांबवून मेणाचं नाक मला दाखवलं. "ऐकलों. टोंक किंचित खालीं आहे बहिणीचं. हें बघ." मला त्यांचा भयंकर राग आला. तिकडे एका बाईचं आईपण पणाला लागलंय आणि या माणसाला टोक दिसतंय. हे सगळं मी त्यांना खडसावून सांगणार होतो, पण मोपेड त्यांची होती आणि दवाखाना लांब होता.

ऑपरेशनच्या दिवशी मी कातडीचे कोपरे धरून उभा होतो. सरांनी ओठाखालून हळूहळू सगळं सोडवलं. कातडी गुंडाळलेला साचा आत सरकवला आणि नाक वर आलं. खरं सांगतो, मी पुढे कितीतरी नाकं केली, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. इतकी वर्षं आत ओढलेल्या सुरकुत्या उलगडल्या, आणि दोन्ही नाकपुड्यांवर, अगदी समोरासमोर, एकेक बारीक ठिपका दिसला. लहानपणी टोचलेली भोकं. सर हातातलं काम थांबवून बघत राहिले. "तिचंच आहे," ते नर्सला म्हणाले. "मी कांहीं केलों नाहीं." मग भानावर येऊन मला म्हणाले, "बेसरीचं मात्र तिला सांगूं नकोस."

मी सांगितलं नाही. तिनं आरसा मागून घेतला आणि तिला स्वतःलाच दिसलं. काही दिवसांनी मी पट्टी बदलायला गेलो, तर दोन्ही भोकांत कडुनिंबाच्या बारीक काड्या. भोक बुजू नये म्हणून तिकडे बायका घालतात तशा. सरांच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर नाकातून दोन काड्या बाहेर आलेल्या! "अक्का, सरांना विचारलंस?"

"ते नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही. तंबी, तू डॉक्टर आहेस ना? तूच सांग."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी शूरपणानं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "मला काही दिसलं नाही." डोळ्यांपुढे माझ्या नाकाची एवढी मोठी अडचण असताना ते खरंही वाटलं असेल. दोन दिवसांनी सरांना काड्या दिसल्या आणि त्यांची आरडाओरड भातशेतांपर्यंत गेली. अंजलै शांतपणे म्हणाली, "तुमच्या तंबीनं बघितल्या, तो काही बोलला नाही." सरांनी काड्या काढल्या नाहीत. माझ्याशी मात्र ते पुढचे दोन शनिवार फक्त तमिळमध्ये बोलले.

परीक्षेचा दिवस आला तेव्हा लग्न आठवड्यावर होतं. अंजलैनं कच्च्या आंब्याच्या रंगाची साडी नेसली होती आणि जाईचा गजरा माळला होता. सर तिला घेऊन दाराजवळ बसले, मी माझ्या बेसिनजवळ. लग्नसराईची गर्दी, रेशमी साड्यांच्या पिशव्या घेऊन बायकांचे जथे आत येत होते. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. कॉलेजची पोरं आली, एकदा बघून आपापल्या मोबाइलमध्ये गेली. वाढप्यानं पाणी ठेवलं, वर बघितलंही नाही. माझी मूठ मिटलेली ती मिटलेलीच. सरांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. डोसा संपला तसे त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हलवा मागवला. पास! असा निकाल त्यांच्याही वाट्याला क्वचित आला असेल. आनंदानं मीही हात वर केला आणि माझ्यापुढे इडली आली.

पण अंजलैनं हलव्याला हात लावला नाही. ती काहीतरी बोलली आणि सरांचं हसू मावळलं. हॉटेलच्या गोंगाटातही तिचा खणखणीत आवाज माझ्यापर्यंत पोचला, आणि तेवढं तमिळ मला येत होतं.

"ऐया, आधी लोक माझ्याकडे बघून तोंड फिरवायचे. आता बघतच नाहीत. मला यात काय मिळालं?"

सरांनी हलव्याची बशी तिच्याकडे आणखी सरकवली. ती उठली, माझ्या शेजारच्या बेसिनपाशी आली, आरशात बघून काड्या काढल्या आणि गाठ सोडून दोन्ही बेसरी घातल्या. आखडलेल्या बोटांनी मळसूत्र फिरेना. "तंबी, धर." मी धरलं. सर्जनचे हात म्हणून मी आईला ज्यांचं कौतुक सांगायचो, त्यांनाही ते मळसूत्र तिसऱ्या खेपेला लागलं.

ती परत जाऊन बसली. शेजारच्या मेजावर एक म्हातारी सुनांना घेऊन खरेदीहून आलेली होती. तिनं एकदा बघितलं. मग मान वळवून दुसऱ्यांदा बघितलं. मी इमानदारीनं एक बोट वर केलं. म्हातारी सरळ उठली, अंजलैपाशी गेली, तिची हनुवटी हातात धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. उघड्या हातानं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सुना उठल्या, पलीकडच्या बायकांनी माना उंचावल्या, गल्ल्यावरचा माणूसही बघायला लागला. मी बोटं वर करत राहिलो, दुसराही हात लावला, तरी बोटं पुरेनात.

"सात खड्यांची ना? जुना घाट आहे," म्हातारी म्हणाली. "हल्ली कुठं मिळतात असल्या? कुणाच्या गं?"

"माझ्या आईच्या."

"काय निमित्त? घरात लग्न आहे?"

"मुलीचं."

"म्हणजे तू नवरीची आई!"

म्हातारीचा हात अजून अंजलैच्या हनुवटीखाली होता. "हो," ती म्हणाली, आणि हॉटेलभर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मी आई."

सर माझ्या बोटांकडे बघतच नव्हते. ते अंजलैकडे बघत होते, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ते तिच्या नाकाकडे नाही, डोळ्यांकडे बघतायत. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. मग त्यांनी मला हातानं बोलावलं. "ये रे. इथं बस. इतके बघतातच, तर तुज पण बघूं देत." इतक्या परीक्षांनंतर मला त्या मेजावर जागा मिळाली. म्हातारीनं माझ्या नाकाकडे बघून सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं. मी हलवा खाल्ला. मलाही रडू येत होतं, पण माझं नाक गळायला लागलं की ते साऱ्या तंजावूरला दिसलं असतं, म्हणून आवरलं.

आता मी सांगलीत नाकांचा दवाखाना चालवतो. पोरंपोरी मोबाइलवर नटनट्यांची नाकं दाखवतात, हे द्या म्हणतात. बसायच्या खोलीत मी एकच फोटो लावलाय, अंजलैला फोन करून विचारून. "लाव की, मोठा लाव," ती म्हणाली. त्या लग्नात मीच काढलेला सेल्फी आहे, त्यामुळे एक कोपरा माझ्या नाकानं भरलाय. मागे सर आहेत, मेण मळतायत आणि भलतीकडेच बघतायत. लोकांना आधी माझं नाक दिसतं, ते जरा हसतात. मग विचारतात, डॉक्टर, ही मधली कोण, बेसरी घातलेली, नवरी जिच्या खांद्यावर टेकलीय ती?

मी सांगतो, नवरीची आई.